खालच्याची जीभ

आमचं मूळ मुदखेडचं. म्हणजे गावातलं नाही, स्टेशनाच्या पलीकडच्या वस्तीतलं, जिथून लाकडाची वखार दिसायची, आणि दिसायच्या आधी तिचा वास यायचा. किनवटच्या जंगलातला माल रेल्वेनं यायचा, वाघिणींतून ओंडके खाली उतरायचे तेव्हा आमच्या चुलीपाशी जमीन हलायची, आणि आई म्हणायची, आला बाई तुझ्या बापाचा डोंगर. मी अशी पुस्तकातल्यासारखी बोलते म्हणून तुम्हाला वाटेल, ही बाई कुठली मुदखेडची. पण सगळी नोकरी सरकारी मसुदे लिहिण्यात गेली, जिभेवर रंधा फिरला. गाठी तेवढ्या राहिल्या. दादांची बोली आली की गाठ लागेल, सांभाळून घ्या.

दादा म्हणजे माझे वडील, आमच्यात बापाला दादा म्हणायची पद्धत. नाव आनंदा, काम आरकशाचं. आता आरकस म्हटलं तर कुणाला कळत नाही, विजेवरची करवत आली आणि माणसाबरोबर शब्दही भुशात गेला. जमिनीत पुरुषभर खड्डा, त्याच्यावर ओंडका आडवा टाकलेला, आणि माणसाहून लांब करवत, तिला आरा म्हणायचे, ती उभी धरायची, एक मूठ वर, एक मूठ खाली. वरचा ओंडक्यावर उभा राहतो, सुतानं मारलेली रेघ तो बघतो, आरा कुठं न्यायचा ते तो ठरवतो. खालचा खड्ड्यात उभा राहून ओढतो. आरा खाली येतानाच कापतो बरं का, वर जाताना नुसता जातो. म्हणजे कापतो खालचा, पण फळी कुणी पाडली असं विचारलं तर नाव वरच्याचं. आणि भुसा सगळा खालच्याच्या तोंडावर.

वरचे होते नारायण मिस्त्री, सुतार. खालचे आमचे दादा. हे कुणी ठरवलं नव्हतं, ठरवायची कुणाला गरजच पडली नव्हती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, भिंतीवरचे देव उतरले, आई सांगायची की कोनाडा कितीतरी दिवस रिकामा दिसायचा. पण दादा खड्ड्यातून वर आले नाहीत. दोघांनी मिळून एक आरा अठरा-एकोणीस वर्षं चालवला. एकाचा श्वास दुसऱ्याला कळायचा, एकाला ताप असला तर दुसऱ्याच्या मुठीला कळायचा, आणि पाणी मात्र मिस्त्री वरून ओतायचे, दादांच्या ओंजळीत, ओंडक्यावर उभं राहून.

काय सांगू तुम्हाला, खाली उभ्या माणसाचे डोळे मिटलेले, नाक भुशानं चोंदलेलं, मग उघडं काय राहतं, तोंड. दिवसभर लाकूड जिभेवर पडायचं. म्हणून दादांची जीभ तयार झाली. बाभळीचा भुसा तुरट, खैराचा कातासारखा, सालईला धुपाचा वास, आणि हळदू नावाचं एक पिवळं लाकूड असतं, ते कोरडं, शिळ्या पिठासारखं, त्याला ना चव ना वास. साग वेगळा. सागाचा भुसा तेलकट, बोटाला चिकटणारा, थोडा कडू, आणि त्याला वास असतो ओल्या चामड्याचा. हो, चामड्याचा. कोऱ्या वहाणेला येतो तसा. दादा घरी आले की तो वास त्यांच्या मानेला असायचा, मी मानेत तोंड खुपसून बसायची. आणि दादा म्हणायचे, बघ माय, राजाच्या म्हालाचं दार बी चामड्यासारखंच वास मारतं, पर त्याला कुणी लांब सरक म्हणत न्हाई.

सागाबद्दल ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्याला वाळवी लागत नाही, कारण वाळवीला ते तेल सोसत नाही. पाण्यात राहिला तरी सडत नाही, उन्हात राहिला तरी वाकत नाही. पण गाभा पाहिजे, म्हणायचे, कडेचं पांढरं काही कामाचं नाही, पांढऱ्याला भुंगा खातो. मिस्त्री वरून म्हणायचे, आन्या, वकिली करून राहिला का सागाची, ओढ.

आता एक शब्द सांगते, कारण सगळं त्या शब्दापाशी आहे. वखारीत लाकडाच्या दोनच जाती. एक साग. आणि सागाशिवायचं जे काही जगात आहे, हळदू, धावडा, सालई, मोह, सगळं आडजात. हा शब्द मी बनवलेला नाही, सरकारी कागदावर आहे, वनखात्याच्या लिलावात पुकारतात, साग इतके नग, आडजात इतके नग. वखारीत ओंडका उतरला की त्याच्या तोंडावर डांबरानं अक्षर काढायचे. सागाला सा. आडजातीला आ.

बहात्तरचा दुष्काळ पडला. जंगलातला माल कमी झाला, आणि वखारीत दुसराच माल यायला लागला. नायगावाकडून, देगलुराकडून लोक बैलगाडीत घालून आपल्या घरांची दारं आणायचे, चौकटी आणायचे, खांब, तुळया. एका म्हाताऱ्यानं देव्हाराच आणला होता, आत हळदीकुंकू तसंच. साग असला की ठेवून घ्यायचे, नसला की म्हणायचे, जळणात घाल. त्या दिवसांत शाळेत सुकडी मिळायची म्हणून आईनं माझं नाव घातलं. आठ-नऊ वर्षांची घोडी, पहिलीत. सुकडी खाऊन तळहात चाटत पाटीवर अक्षरं काढायची. पहिल्या पंधरा दिवसांत मला अ, आ आणि क एवढंच आलं होतं.

त्यातल्या एका संध्याकाळी दादा वखारीतून आले आणि रांजणापाशी वाकले. त्यांच्या पाठीवर, बंडीवर, काळंकुळीत, वीतभर अक्षर. मी वाचलं. जन्मात पहिल्यांदा पाटीबाहेरचं अक्षर वाचलं. मी ओरडले, दादा, आ! आ आनंदाचा! तुमचं नाव लिवलंय तुमच्या पाठीवर! दादांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, पाठ कुणाला दिसते का. मग मला म्हणाले, बोटानं काढून दाखव. मी त्यांच्या पाठीवरून बोट फिरवलं, काना सुद्धा. डांबर अजून ओलं होतं, बोट काळं झालं. दादा हसले. आई हसली नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण तिला माणसं कळायची. दादा म्हणाले, मिस्त्रीनं लिवलं आसल, आज वाकलो होतो तवा पाठीला गार लागलं. बाजारातून आलो तर लोक बी बघून राहिले होते. चौदा साल झाले, मनात आलं आसल त्याच्या.

आणि दुसऱ्या दिवशी, काय सांगू, दुसऱ्या दिवशी दादा खड्ड्यात उतरायच्या आधी मिस्त्रींपुढं उभे राहिले आणि म्हणाले, मिस्त्री, माझं नाव लिवलं का तुमी? पोरगी वाचून राहिली होती, लई खूश झाली. हे मला दादांनी नाही सांगितलं, वखारीत भुसा भरायला जाणाऱ्या बाया आईला सांगून गेल्या, हसत नव्हत्या त्या, पण सांगायला आल्या. मिस्त्री ओंडक्यावर बसून हसले. मुनीम गादीवरून उठून आला काय झालं म्हणून, मग तोही हसला. मिस्त्री म्हणाले, अरे येड्या, माल मोजून राहिलो होतो, तू बी मधी वाकलास, मारला शिक्का. आ आनंदाचा न्हाई, आ आडजातीचा. आणि मग म्हणाले, चल उतर.

दादा उतरले. दुसरं काय करणार. आऱ्याला दोन माणसं लागतात, आणि घरात तीन तोंडं होती. बंडी एकच. डांबर निघत नाही. आईनं राखेनं घासलं, रॉकेलनं घासलं, शेवटी बंडी उलटी करून दिली, पण डांबर आत उतरलं होतं, उलट्या बंडीवर तेच अक्षर उलटं दिसायचं. सगळा दुष्काळ दादांनी ती बंडी घातली. वरून हाक बदलली. आधी निदान आन्या होते. आता मिस्त्री म्हणायचे, ओढ रे आ.

मी नंतर सुकडी घेतली की शाळेत आ काढायचं टाळायची. गुरुजी म्हणायचे, हिला क येतं आणि आ येत नाही, कसली डोक्याची आहे.

डोळ्याचंही दुष्काळातल्याच उन्हाळ्यात झालं. जुनी दारं कापताना खिळ्यांची भीती असते, म्हणून वरच्यानं आधी सगळं लाकूड हातानं चाचपायचं, खिळे उपसायचे, मग आरा लावायचा. हे वरच्याचं काम. त्या दिवशी मिस्त्रींनी चाचपलं नाही. चौकट जाड होती, ऊन होतं, आणि खिळा लागला तर तो खालच्याला लागतो. आरा अडला, खणकन आवाज झाला. दादांचे डोळे दिवसभर मिटलेले असायचे, ते आवाज झाला म्हणून उघडले. तेवढ्यात उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. दादा म्हणाले, मिस्त्री, पाणी टाका. घागरीत पाणी होतं. मिस्त्रींनी घागरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, प्यायला पुरंना रे, डोळ्याला कुठून आणू, थुंकी लाव.

मग त्यांनी खिळा काढला. वरती मुनीम आला, वखारीतले दोघं आले, आणि तो खिळा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. आजोबाच्या काळाचा खिळा आणि काल ठोकल्यासारखा चकचकीत, गंजाचा डाग नाही. मुनीम म्हणाला, याला म्हणायचं साग, लोखंडाला सुद्धा आईवाणी सांभाळतो. सगळे वा वा म्हणाले. दादा खाली खड्ड्यात डोळ्यावर हात धरून हे ऐकत होते. हे मात्र दादांनीच मला सांगितलं, आणि सांगताना मिस्त्रींना शिवी दिली नाही, एवढंच म्हणाले, मुनीम खरं बोलत होता, सागात खिळा गंजत न्हाई.

उजवा डोळा गेला. त्याच्या मागून चार-पाच वर्षांत डावाही विझत गेला, डॉक्टर म्हणाले एक डोळा दुसऱ्याच्या दुःखानं जातो कधीकधी. तोवर दादा खाली उभे राहतच होते. खालच्याला काय डोळे लागतात, म्हणायचे. पुढं वखारीत वीज आली, खड्डा बुजवला, आणि दादा घरी बसले.

मी शिकले. लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादेतून तोडून नवा, आणि नव्या जिल्ह्याला माणसं पाहिजे होती, कचेऱ्या पाहिजे होत्या. मला कारकुनाची जागा मिळाली. कचेरीचं नाव नको, माणसं अजून आहेत. आई तोवर गेली होती, मी दादांना घेऊन लातूरला आले, एक खोली केली. नवा जिल्हा म्हणजे भिंतींना चुन्याचा वास आणि बसायला काही नाही. आम्ही सुरुवातीला सतरंजीवर बसून फायली लिहिल्या. मग टेबलं आली, कपाटं आली, खुर्च्या आल्या, सगळं सागवानी, असं कागदावर. माल तपासून घेतला, सागवान आहे, असा दाखला लिहून सही करायचं काम अव्वल कारकुनांनी माझ्याकडं दिलं. सगळ्यांत नवी मी, कायम व्हायची होते. आता कळतं कामून दिलं ते.

मी टेबलापाशी गेले, पॉलिश नुकतं वाळलेलं. मी वाकले. आणि मला दादांच्या मानेचा वास आला नाही. लाखेचा वास आला, स्पिरिटचा आला, त्याच्याखाली काहीच नाही. मला राहवलं नाही. मी अव्वल कारकुनांना म्हणाले, साहेब, हा साग वाटत नाही, माझे वडील जिभेवर ओळखतात, त्यांना आणू का. फुशारकी होती ती माझी. सगळ्या कचेरीसमोर सांगायचं होतं की माझ्या बापाला काही येतं.

साहेब म्हणाले, आणा की. मग दुपारी मला एकटीला बोलावलं, ड्रॉवर उघडला आणि माझा कायम व्हायचा कागद दाखवला, नुसता दाखवला, परत आत ठेवला. म्हणाले, बाई, वडिलांना उद्या आणाच, जुन्या जाणकाराचा अभिप्राय फायलीला असला की बरं. ठेकेदार पण येणार आहेत. काय म्हणतील वडील, ते तुमच्या हातात.

मी घरी काही सांगितलं नाही. सकाळी दादांनी दाढी करून घेतली, धुतलेला सदरा मागितला. मी हात धरून नेत होते आणि ते सगळ्या रस्त्यानं बोलत होते, आधी हात फिरवायचा, साग हाताला मऊ लागतो, मेण लावल्यासारखा, मग पॉलिश नसलेल्या जागी, टेबलाच्या पोटाला, नख मारायचं, मग वास, मग जीभ. सरकार आता इचारून घेऊन राहिलं, चांगलं हाय, म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांना काही विचारत होतं. मी हो हो म्हणत होते.

आत गेलो तर खुर्चीवर ठेकेदार बसलेले. पांढरे कपडे, केस पिकलेले. नारायण मिस्त्री. मला बघून म्हणाले, तू आमच्या खालच्याची पोर ना? शिकलीस की. शिकणारच, तुझ्या बापाच्या पाठीवर पहिलं अक्षर मीच काढलं होतं. साहेब हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी हसले. दादांनी आवाजाकडं मान वळवली आणि नमस्कार केला. रामराम मिस्त्री.

मग दादा टेबलापाशी बसले, खाली, फरशीवर. टेबलाच्या पोटाला हात लावला, नख मारलं, नाक लावलं. जीभ लावली. सगळे उभे राहून बघत होते, एक म्हातारा आंधळा टेबलाला चाटतो आहे. मी शेजारी वाकले होते. दादा माझ्या कानाशी म्हणाले, हळदू हाय, सुले. आडजात. चामड्याचा वास न्हाई याला.

आणि मी म्हणाले, दादा, साग म्हणा.

मी त्यांचं मनगट धरलं होतं, ते आवळलं. पुन्हा म्हणाले, दादा, माझी नोकरी आहे. साग म्हणा.

दादांनी जीभ आत घेतली, गिळलं. मग मोठ्यानं म्हणाले, साग हाय. लई जुना. नाराण मिस्त्रीनं दिला म्हंजी सागच.

मिस्त्री म्हणाले, खालच्याची जीभ अजून शाबूत हाय बरं का. साहेबांनी कागद पुढं केला, सही येते का बाबा, विचारलं. दादा म्हणाले, अंगठा घ्या. अक्षर येतं येक, पर ते नको. दादांचा अंगठा मी शाईत बुडवला. त्याच्याखाली मी माझी सही केली.

घरी येताना दादा पेठेच्या कोपऱ्यावर थांबले आणि म्हणाले, सुले, माझ्या पाठीवर बघ बरं, काय लिवलंय का. मी म्हणाले, नाही दादा, स्वच्छ आहे सदरा. ते म्हणाले, नीट बघ. तुला वाचता येतंय.

मी कायम झाले. त्यानंतर दादांनी सागाचं नाव काढलं नाही, लाकडाचंच काढलं नाही. घरी नवा पाट आणला तर आधी हातात घेऊन वास घ्यायचे, तेही सोडलं. जेवणात मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत. मी विचारायची, मीठ बरं आहे का दादा, तर म्हणायचे, तू म्हणशील तसं.

पाच-सहा पावसाळ्यांत टेबलं गेली. आधी खाली पिवळी भुकटी दिसायला लागली, झाडणारी बाई रोज झाडायची आणि रोज पडायची, मग एक पाय मोडला, मग चौकशी आली. साहेब बदलून गेले होते, मिस्त्री वारले होते. फायलीत राहिले दोघं, मी आणि दादा. चौकशीत असं ठरलं की संबंधित लिपिक नवीन व अननुभवी असल्यानं तिला समज द्यावी. एका दृष्टिहीन व निरक्षर इसमाच्या चुकीच्या अभिप्रायावरून माल स्वीकारला गेला. चुकीच्या. अहवालाची स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी ती ओळ काढली, काना-मात्रा न चुकता. दादा तेव्हा जिवंत होते, घरी खाटेवर बसलेले. त्यांना मी कधी वाचून दाखवलं नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

आता मी निवृत्त आहे, पेन्शन आहे, घराला चौकट सागाची आहे, गाभ्याची, वाळवी फिरकत नाही. दार लोटलं की वास येतो. मला कुणाचं काही मागणं नाही. तुम्ही चांगल्या मनानं आलात, चहा गार होईपर्यंत ऐकलंत, तुमचं, तुमच्या लेकराबाळांचं बरं होवो.

एकच करा. सरकारी कागद आता माझ्यानं बदलत नाही, तिथं माझी सही आहे. पण तुम्ही लिहून घेताय तो कागद तुमचा आहे, त्याच्यावर लिहा की आनंदा आरकशानं टेबलाला जीभ लावून हळदू म्हणून सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. साग मी म्हणाले.